खजुरी बाजारातलं वह्यांचं दुकान: माल चोख, बिल वैतागाचं

इंदूरला परदेशीपुऱ्याजवळच्या वस्तीत आमचं संध्याकाळचं शिकवणी केंद्र आहे. मुली कचरा वेचून येतात, बायका धुणी-भांडी आटोपून. सामानाची खरेदी माझ्या गळ्यात, म्हणून दर दोन महिन्यांनी इथे फेरी.

माल चोख. वही मागितली की दुकानदार काका पान उजेडाकडे धरून दाखवतात. मागे त्यांनी कार्टूनच्या कव्हरच्या वह्या स्वस्तात देऊ केल्या, मी घेतल्या. चूक माझीच. चाळिशीच्या एका ताईंनी ती वही चार दिवस पिशवीतून काढलीच नाही. ‘पोरांची वही घेऊन बसू का?’ तेव्हापासून मोठ्यांना साधं तपकिरी कव्हर, रुंद ओळी. काका आता न सांगता तेच काढतात.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) मूलभूत शिक्षणात ए, बी, सी स्तर म्हणजे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे. आमच्याकडे तिन्ही एकाच खोलीत, त्यामुळे वह्याही तीन तऱ्हेच्या. इथे त्या एकाच ठिकाणी मिळतात, हे मोठं काम.

बिल मात्र डोकेदुखी. ‘विविध सामान’ असं एका ओळीत लिहून मोकळे! देणगीच्या पैशाला नग किती, दर काय, सगळं दाखवावं लागतं. ऑडिटरनं बिल परत केलं, भर उन्हात दुसरा हेलपाटा.

प्लास्टिकच्या पाट्या घेऊ नका, आठवड्यात चौकट निघते. राजवाड्याची गर्दी वाढायच्या आत, सकाळीच जा, आणि बिल समोर उभं राहून लिहून घ्या.