व्हायोलिनशिवाय चायकोव्हस्की: बँडने वाजवलेलं '१८१२'

चायकोव्हस्कीच्या '१८१२' ओव्हर्चरची (नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीवर बेतलेली वाद्यवृंदरचना, १८८०) सुरुवात मूळ ऑर्केस्ट्रात दोन व्हियोला आणि चार चेलो (व्हायोलिनची मोठी, गजाने वाजणारी भावंडं) करतात. फुंकवाद्यांच्या बँडच्या या सीडीत ते काम क्लॅरिनेट-सॅक्सोफोनकडे आलंय आणि पहिल्या मिनिटातच बँडचा कस लागतो. चेलोचा गज दिशा बदलतानाही सूर धरून ठेवतो. फुंकून वाजवताना श्वास घ्यावाच लागतो. मुरलेले वादक तो आळीपाळीने घेतात. इथे सगळे एकाच जागी घेतात, आणि सुरुवातीच्या प्रार्थनेच्या सुरावटीत मधोमध भोक पडतं. फार वाईट वाटतं, कारण स्वराचा पोत सुंदर आहे.

लढाईच्या भागात व्हायोलिनच्या धावत्या ताना क्लॅरिनेटवर आहेत. बोटं पक्की, दाद द्यायलाच हवी! पण ट्रॉम्बोन शिरले की त्या बुडतात. माइक पितळी वाद्यांच्या फार जवळ असावेत.

शेवटाकडे सूर चढतो. हवा एका अंशाने तापली की सुषिर वाद्यं सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर जातात, ट्यूब्युलर बेल्स (टांगलेल्या धातूच्या नळ्यांच्या घंटा) मात्र जवळपास जागच्या जागी राहतात. घंटानादात ही फट स्पष्ट ऐकू येते. रचनेतल्याच तोफांच्या बारांना आवाज फाटतो. व्हॉल्यूम कमी करूनही फाटतो, म्हणजे दोष स्पीकरचा नाही, मुद्रणाचा.

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकणाऱ्यांना या सीडीच्या खर्जातली पोकळी आधी जाणवेल. सीडी रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, हेडफोनवर ऐका. मुंबईच्या रस्त्याचा आवाज ती हळुवार सुरुवात गिळून टाकतो.