स्कोडा लॉरा 1.9 टीडीआय: टायमिंग बेल्टचं किट चांगलं, पण लॉकिंग टूल पारखून घ्या

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रॅन्क आणि कॅमशाफ्ट एका तालात फिरवणारा पट्टा. त्याचं कॉन्टीटेकचं वॉटर पंपासकट येणारं किट उत्तम आहे आणि ते घ्यावं. इथला जास्त मजकूर मात्र त्यासोबत लागणाऱ्या लॉकिंग टूलच्या, म्हणजे बेल्ट बदलताना क्रॅन्क आणि कॅम जागेवर धरून ठेवणाऱ्या हत्यारांच्या सेटबद्दल आहे. बेल्ट घरी बदलताना काम फसतं ते बहुतेक वेळा त्या सेटमुळे, किटमुळे नाही.

आधी कोणत्या गाडीबद्दल बोलतोय ते स्पष्ट करू. औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या कारखान्यातून निघालेली, 105 बीएचपीचं 1.9 टीडीआय इंजिन असलेली लॉरा. हे पंप-ड्यूज प्रकारचं इंजिन आहे. यात वेगळा हाय-प्रेशर पंप नसतो. प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर स्वतःच पंप असतो आणि त्याला दाबतो तो कॅमशाफ्ट. इंजेक्शनच्या क्षणी दाब 2000 बारच्या आसपास जातो आणि त्याचा झटका थेट बेल्टवर येतो. म्हणून या इंजिनाचा बेल्ट 30 मिलिमीटर रुंद आहे आणि म्हणूनच इथे ‘अजून पाच-दहा हजार चालेल’ हा हिशेब महागात पडतो. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उतरवावंच लागतं. गाडी कमी चालत असली तरी रबर म्हातारं होतं. मॅन्युअलमधला किलोमीटरचा आकडा गाठला नसला तरी बेल्टला पाच-सहा वर्षं झाली असतील तर बदलून टाका. नंतर आलेल्या कॉमन रेल डिझेलच्या लॉराला हे किट बसत नाही.

किट

किटच्या कोडमध्ये ‘डब्ल्यूपी’ अक्षरं असतील तर पंप आत आहे. पंपाशिवायचं किट घेऊ नका. पंप बेल्टवरच फिरतो आणि त्याचं बेअरिंग वर्षभराने आवाज करू लागलं, तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. किटमध्ये बेल्ट, टेन्शनर, आयडलर रोलर आणि पंप येतो. क्रॅन्क पुलीचे चार बोल्ट, इंजिन फाउंडेशनचे (इंजिन बॉडीला धरणाऱ्या माउंटचे) बोल्ट आणि टेन्शनरचा स्टड आत आहेत का हे ऑर्डर करण्याआधी विचारा. नसतील तर वेगळे मागवा, कारण कोन देऊन कसलेले बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरायचे नसतात.

1.9 पंप-ड्यूज इंजिनासाठी दिसायला सारखी पण वेगळी किट बाजारात आहेत. दुकानदाराला नुसतं ‘लॉरा डिझेल’ सांगून चालत नाही. इंजिन कोड द्या. तो सर्व्हिस बुकमध्ये आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्याजवळच्या स्टिकरवर असतो. माल हातात आला की नवा रोलर बोटाने फिरवून पाहा. तो जरा जड, सगळीकडे सारखा फिरला पाहिजे. सायकलच्या चाकासारखा सैल भिरभिरला तर बेअरिंगमधलं ग्रीस वाळलंय किंवा माल नकली आहे, परत करा.

टूल सेट

लागणारी हत्यारं तीन: क्रॅन्कचं लॉक, कॅमशाफ्टच्या हबमध्ये जाणारी 6 मिलिमीटरची पिन आणि टेन्शनर फिरवायचा दोन खुंट्यांचा पाना. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या सेटमध्ये ही सगळी असतात, पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय ती वापरू नयेत.

पहिली गोष्ट पिन. व्हर्नियरने मोजा. 5.8 भरली तर हब दोन्ही बाजूंना हलतो, आणि टायमिंग तिथेच चुकतं. अशा वेळी 6 मिलिमीटरच्या चांगल्या ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी त्या पिनपेक्षा बरी.

दुसरी गोष्ट क्रॅन्कचं लॉक. या इंजिनांत क्रॅन्कचा दातेरी गिअर दोन प्रकारचा येतो, गोल आणि किंचित लंबगोल. गोल गिअरला टी10050, लंबगोलाला टी10100. एकाचं लॉक दुसऱ्यावर नीट बसत नाही, म्हणून सेटमध्ये दोन्ही आहेत ना ते पाहा. लॉक दातांवर सरकवल्यावर त्यावरची खूण गिअरच्या खुणेसमोर आली पाहिजे आणि लॉकची खुंटी मागच्या फ्लॅंजच्या भोकात पूर्ण गेली पाहिजे. स्वस्त लॉकच्या दातांत बऱ्याचदा ओतकामाची खरबड राहिलेली असते. ती बारीक कानसीने काढली की लॉक बसतं. खुंटीच वाकडी असेल तर सेट परत पाठवा.

ही लॉक फक्त जागा धरून ठेवण्यासाठी आहेत. बोल्ट सोडताना किंवा कसताना त्यांच्यावर जोर दिला की पिन वाकते किंवा हबचं भोक फाटतं. कॅमच्या गिअरला धरायचं वेगळं होल्डर घ्या. हे सगळं एका गाडीसाठी विकत घेणं परवडत नाही. लॉरावाल्या दोघा-तिघांनी मिळून घ्यावं.

काम करताना कुठे अडतं

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. पुढचं उजवं चाक आणि आर्चचं लाइनर काढा. मग बाहेरचा बेल्ट, इंटरकूलरचा पाइप, डिझेल फिल्टर आणि कूलंटची टाकी बाजूला घ्या. चेंबरखाली (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) जाड लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन पेलून धरा आणि मगच उजवं फाउंडेशन सोडा. ब्लॉकवरच्या ब्रॅकेटचा पुढचा बोल्ट बॉडीला अडून सरळ बाहेर येत नाही, तिथे इंजिन थोडं वर-खाली करावं लागतं. परत बसवताना तो बोल्ट ब्रॅकेटमध्ये आधीच घालून मग ब्रॅकेट आत सरकवा. हे विसरलं तर ब्रॅकेट पुन्हा काढावं लागतं.

क्रॅन्क नेहमी मधल्या बोल्टवरून घड्याळाच्या दिशेने फिरवा, पण तो बोल्ट सोडू नका. या कामात त्याची गरजच नाही. कॅमच्या गिअरवरची ‘4झेड’ खूण वर आली नाही तर क्रॅन्कला अजून एक पूर्ण फेरा द्या. मग दोन्ही लॉक लावा, कॅम गिअरचे तीन बोल्ट सैल करा आणि टेन्शनर ढिला करून बेल्ट काढा.

पंप आधी बदला आणि सांडलेलं कूलंट पूर्ण पुसून काढा. पंपाला तीन बोल्ट आहेत, 15 न्यूटन मीटर. जुन्या ओ-रिंगची खपली ब्लॉकवर राहिली तर नवीन पंपही गळतो. नवी ओ-रिंग कूलंटने ओली करून बसवा, सिलिकॉन अजिबात लावू नका. पंपावरचं छोटं बूच खालच्या बाजूला आलं पाहिजे. तिथेच कॅम किंवा क्रॅन्कच्या सीलमधून तेल झिरपताना दिसलं तर सील आत्ताच बदला. तेलात भिजलेला बेल्ट टिकत नाही.

टेन्शनर बसवताना सर्वांत जास्त चुका होतात. त्याच्या मागच्या पत्र्याची जीभ खाचेत गेली आहे का ते बोटाने चाचपून पाहा. ती बाहेर राहिली तर नट घट्ट होतो पण टेन्शनर काम करत नाही. कॅम गिअर लांबट भोकांच्या मधोमध ठेवून बेल्ट चढवा. टेन्शनर घड्याळाच्या दिशेने फिरवून काटा खाचेच्या बरोबर मध्ये आणा. नट 20 न्यूटन मीटर आणि वर 45 अंश. कॅमचे तीन बोल्ट 25. मग लॉक काढून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि दोन्ही लॉक पुन्हा जातात का पाहा. कॅमची पिन गेली नाही तर जबरदस्ती करू नका. तीन बोल्ट सैल करून हब जाग्यावर आणा, परत कसा आणि परत दोन फेरे. क्रॅन्क पुलीचे नवे बोल्ट 10 न्यूटन मीटर अधिक 90 अंश.

कूलंट जी12 जातीचं घ्या आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करा. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरमध्ये बसतात. हिरवं कूलंट त्यात मिसळू नये. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन फॅन लागेपर्यंत चालवा, थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा.

लॅपटॉप आणि व्हीसीडीएसची (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची) केबल मिळाली तर इंजिन गरम असताना मेजरिंग ब्लॉक 4 मधला टॉर्शनचा, म्हणजे क्रॅन्क आणि कॅम यांच्यातल्या कोनाच्या फरकाचा आकडा वाचा. तो शून्याच्या जवळ असावा. पिन सैल होती का हे इथे कळतं. इंजिन सुरू होऊन नीट चाललं तरी हा आकडा लांब असेल तर सकाळी स्टार्ट जड होतो आणि डिझेल जास्त लागतं. कॅमच्या तीन बोल्टांवरच तो सुधारता येतो, त्यासाठी फक्त वरचं कव्हर काढावं लागतं.

टॉर्क रेंच, कोन मोजायची तबकडी आणि भक्कम स्टँड हाताशी नसतील तर किट स्वतः विकत आणून गॅरेजमध्ये द्या, आणि मेकॅनिककडे लॉकिंग टूल आहे का ते आधी विचारा. खडूच्या खुणा करून बेल्ट चढवणाऱ्याकडे ही गाडी देऊ नका.