पोचपावतीवर तारीख कोरी सोडू नका

8 एप्रिल 2024 रोजी, पाडव्याच्या आदल्या दिवशी, मी पिंप्राळ्यातल्या घराचं कर्ज एकरकमी फेडलं. कर्ज एका खासगी बँकेच्या जळगाव शाखेचं, उरलेली रक्कम चार लाख बारा हजार. घर विकायचं होतं. अमळनेरचे एक कापूस व्यापारी दोन लाख इसार देऊन बसले होते आणि खरेदी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, करायची असं ठरलं होतं.

त्या दिवशी टेबलावरच्या पोरानं सात-आठ कागद पुढे केले. खातं बंद करण्याचा अर्ज, चेक परत घेतल्याची नोंद वगैरे. सगळ्यात खाली एक कागद होता, ‘मूळ कागदपत्रे मिळाली, कोणतीही तक्रार नाही’. मी म्हटलं, अजून मिळालीच कुठं? तो म्हणाला, “काका, फाइल मुंबईहून येते. सही आत्ताच करून ठेवा, म्हणजे तुम्हाला परत भुसावळहून यायला नको. तारीख आम्ही टाकू.” पोरगा गोड बोलत होता. ऊन मी म्हणत होतं. केली सही.

नियम तेव्हाही मला साधारण माहीत होता. रिझर्व्ह बँकेनं 13 सप्टेंबर 2023 ला परिपत्रक काढलंय. घरकर्जासारखं वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटलं की 30 दिवसांच्या आत सगळी मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजाही उतरवायचा. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये कर्जदाराला द्यायचे, शिवाय उशिराचं कारण कळवायचं. 1 डिसेंबर 2023 पासून हे लागू आहे. म्हणजे माझी मुदत 8 मेला संपत होती, आखाजी 10 मेला. मी निवांत होतो.

8 मे आली आणि गेली. शाखेत गेलो तर म्हणे, “13 तारखेला मतदान आहे ना काका, सगळं त्यात अडकलंय.” खासगी बँकेतली माझी फाइल मतदानात कशी अडकली, ते विचारलं तर नुसतं हसला. आखाजीला बहिणी माहेरी आलेल्या, घरात सांजोऱ्या तळणं चाललेलं, आणि मी अंगणात उभा राहून व्यापाऱ्याला फोनवर सबबी सांगतोय. त्यांनी दोन आठवडे धीर धरला. मग म्हणाले, “भाऊ, आते आखो कितला दिन वाट देखू?” त्यांचं बरोबर होतं. इसार परत केला. सौदा मोडला.

एक गोष्ट मात्र मी नकळत बरी केली. रोज फोन करण्याऐवजी ईमेलवर उशिराचं लेखी कारण मागितलं. 27 मेला शाखेचं उत्तर आलं, ‘फाइल मध्यवर्ती भांडारातून निघालेली नाही’. फाइल हरवलीय का, याचं उत्तर मात्र कोणी देईना. हरवली तर बँकेला 30 दिवस जास्त मिळतात, पण नकला काढून देण्याचा खर्च तिच्याच अंगावर पडतो.

कागद हातात पडले 12 जुलैला. 65 दिवस उशीर, म्हणजे 3,25,000 रुपये. लेखी मागणी केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ‘कागदपत्रे 3 मे रोजी दिली आहेत, पोच सोबत जोडली आहे’. खाली माझीच सही. तारीख दुसऱ्याच्या अक्षरात.

हात कापायला लागले, खोटं कशाला सांगू. बायको म्हणाली, ती ईमेल काढा आधी. 3 मेला दिलेली फाइल 27 मेला भांडारात कशी?

ती ईमेल जोडून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार केली. फी नाही, वकील लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार झालेली असावी लागते आणि 30 दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तरच तिथं जाता येतं. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. आणि आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, त्यांना हे परिपत्रक लागू नाही. त्या सहकार खात्याच्या ताब्यात येतात, तिथं जिल्हा उपनिबंधकांकडे जावं लागतं. पतसंस्थेत कागद ठेवलेल्यांनी 5,000 च्या भरवशावर राहू नये.

तक्रार गेल्यावर शाखेतून फोन, “पन्नास हजार घ्या आणि मिटवा.” नाही म्हटलं. मग लाख. तेव्हाही नाही म्हटलं. दिवाळीनंतर पूर्ण रक्कम खात्यात आली. मोडलेल्या सौद्याचं काय, ते कोणी विचारलं नाही.

सातबाऱ्यावर इतर हक्कात बँकेचा बोजा अजून तसाच होता. तो कमी करायला तलाठ्याला द्यायचं पत्र आणायला परत त्याच टेबलावर गेलो. पोरानं पोच पुढे सरकवली, तारखेची जागा कोरी. पत्र आधी हातात घेतलं, वाचलं, गट नंबर ताडून पाहिला. मग माझ्या अक्षरात तारीख टाकली, खाली वेळ, दुपारचे 3.40. सही केली आणि मोबाइलवर पोचेचा फोटो काढला. या वेळी तो काही बोलला नाही.