कूलिंग पॅडच्या परताव्यापायी गेलेले 47,254 रुपये

लॅपटॉपखाली ठेवायच्या एका कूलिंग पॅडपायी माझे एकूण 47,254 रुपये गेले. त्यांतले 2,499 पॅडचे, 5 ‘पडताळणी’चे, आणि उरलेले 24,900 व 19,850 अशा दोन व्यवहारांत डेबिट कार्डावरून उचललेले. हे घरात सांगतानाही मान वर होत नव्हती, आणि लोकांची हिशेबाची कामे करणाऱ्या बाईला तर ते अधिकच जड जाते. तरी लिहीत आहे, कारण ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ एवढे पाळले की आपण सुरक्षित, असा समज माझ्याप्रमाणेच अनेकांचा असणार. मी ओटीपी कोणालाही सांगितला नव्हता.

इंदूरचा मे महिना, सुदामा नगरातली वरच्या मजल्यावरची खोली आणि दिवसभर चालणारे जीएसटीचे काम यांमुळे लॅपटॉप इतका तापायचा की कळफलकावर बोटे ठेववत नसत. अशा वेळी जाहिरात दिसली: सहा पंखे, यूएसबीवर चालणारा, तापमान थेट 30 अंशांनी उतरवणारा पॅड. साध्या यूएसबी 2.0 पोर्टातून 5 व्होल्टला 500 मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॉट मिळतात. तेवढ्यावर सहा दमदार पंखे चालत नाहीत, आणि खरोखर जोराचा झोत देणाऱ्या पॅडांना बहुधा स्वतःचा अडॅप्टर असतो. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा माल दारात आल्यावर पैसे द्यायचे होते, म्हणून धोका नाही असे मी धरले, आणि कोणीही तसेच धरले असते. प्रत्यक्षात पैसे हाती पडल्याशिवाय खोके उघडू देत नाहीत.

दोनच पंखे फिरत होते. मागचे स्क्रू काढून पाहिले, तर बाकीच्या चार पंख्यांना तारच जोडलेली नव्हती. पाती नुसती खिळीवर अडकवलेली होती, आणि मध्ये वजन भरावे म्हणून गोंदाने चिकटवलेली एक लोखंडी पट्टी होती. ती पट्टी पाहून संताप झाला, कारण हा निकृष्ट माल नव्हता, विचारपूर्वक बनवलेला खोटा माल होता.

खोक्यात परताव्यासाठी क्रमांक छापलेली चिठ्ठी होती. लोक इंटरनेटवर भलतेच ग्राहकसेवा क्रमांक शोधून फसतात, हे मला माहीत होते. म्हणूनच मी शोधले नाही, मालाबरोबर आलेल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता, त्याला माझा ऑर्डर क्रमांकही ठाऊक होता. रोखीने घेतलेल्या मालाचा परतावा बँकेतच जमा होतो, तेव्हा त्याने बँकेची माहिती मागण्यात काही वावगे वाटले नाही. त्याने व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवण्याची फाइल) पाठवली आणि हाच परताव्याचा अर्ज आहे असे सांगितले.

इथेच थांबायला हवे होते. ही फाइल अनोळखी स्रोताकडून आली आहे, असे फोनने स्वतः बजावले. पुढे त्या ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. परताव्याच्या अर्जाला माझे एसएमएस कशाला हवेत, हा साधा प्रश्न त्या क्षणी मनात यायला हवा होता. तो आजही रात्री झोप लागू देत नाही. पण हल्ली विजेरीचे ॲपसुद्धा संपर्कयादी मागते, बँकेचे ॲप स्वतःच एसएमएसने नोंदणी करते. परवानग्या देण्याची सवय आपल्याला कोणी लावली? मी ‘अनुमती द्या’ दाबले, कार्डाचा तपशील भरला आणि ‘पडताळणी’चे 5 रुपये दिले. त्यानंतरचे ओटीपी परस्पर त्यांच्याकडे जात राहिले. माझ्या फोनवर एकही संदेश दिसला नाही. बँकेचा ई-मेल उघडला तेव्हा दोन्ही रकमा गेलेल्या होत्या.

असे झाले तर आधी फोनचे इंटरनेट बंद करा, आणि कार्ड दुसऱ्या फोनवरून बंद करवा; मी त्याच फोनवरून बँकेशी बोलत राहिले.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन बराच वेळ लागेना. लागल्यावर तक्रार नोंदवली गेली, पण पुढची चौकशी ठाण्यात करा म्हणाले. ठाण्यात सांगितले, हे सायबरवाल्यांचे काम. सायबरवाल्यांनी विचारले, पोर्टलवर तक्रार केली ना, मग इथे कशाला आलात? पॅडचे 2,499 वेगळे काढून ‘तो ग्राहक मंचाचा विषय’ असे सांगितले गेले, जणू चोर दोन निरनिराळे होते. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलेले आहे. मी कलमाचा उल्लेख केला, तर समोरच्या हवालदाराने पेन खाली ठेवून माझ्याकडे असे पाहिले, जणू आरोपी मीच आहे. कुरिअरवाले म्हणाले, आम्ही फक्त पोहोचवतो. मग पाठवणाऱ्याचा पत्ता तरी द्या, म्हटले, तोही नाही.

बँकेने तर कळस केला. “मैडम, ओटीपी तो आप ही के नंबर पर गया था ना,” एवढ्या एका वाक्यावर माझा अर्ज निकालात काढला. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. ओटीपी माझ्या क्रमांकावर गेला, यावरून तो मी दिला हे सिद्ध होत नाही. हे लेखी मांडल्यावर साचेबद्ध उत्तर आले, खाली कोणाची सही नाही. तोंडी काही बोलू नका; प्रत्येक अर्जावर पोच घ्या, शिक्का मारून घ्या. माझ्या हाती आज तेवढेच आहे.

ज्या संकेतस्थळावर विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी नाही, तिथे काही घेऊ नका; 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनी ही माहिती देणे बंधनकारक आहे. मी पॅड घेतला त्या संकेतस्थळावर एक व्हॉट्सॲप क्रमांक सोडून काही नव्हते. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवा, लागतील तेव्हाच सुरू करा. पॅड घ्यायचाच असेल, तर लॅपटॉप घेऊन दुकानात जा, हवा आत घेणाऱ्या जाळ्या त्याच्या तळाला आहेत का ते बघा. त्या तळाला नसतील तर पॅडचा फारसा उपयोग नाही. त्याआधी आतली धूळ काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर पोहोचवणारा लेप) बदलून घ्या. माझ्या लॅपटॉपचे दुखणे शेवटी तेच निघाले.

बँकेला दिलेली तीस दिवसांची मुदत संपली आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मी तक्रार दाखल केली आहे. 2,499 रुपयांची तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर स्वतंत्रपणे नोंदवली आहे. तारा न जोडलेल्या चार पंख्यांचा तो पॅड, लोखंडी पट्टी आणि चिठ्ठी मी पुरावा म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवली आहेत. तुमच्याकडे असा पॅड आला असेल तर तुम्हीही फेकू नका.