एल. एस. बेल्ट: कोणता घ्यावा, कसा बांधावा, कधी सोडावा

एमआरआयच्या रिपोर्टवर ‘एल४-एल५’ किंवा ‘एल५-एस१’ला, म्हणजे कमरेच्या अगदी खालच्या मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकल्याचं आलं की औषधांच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा कमरेचा पट्टाही लिहून येतो. पाठीकडे उभ्या पट्ट्या, पुढे रुंद वेल्क्रो आणि दोन्ही बाजूंना ओढून चिकटवायचे इलॅस्टिकचे बंद, असा हा एल. एस. (लंबो-सॅक्रल, म्हणजे कंबर आणि तिच्या खालच्या भागाचा) बेल्ट साधारण ५०० ते १२०० रुपयांत मिळतो. वस्तू कामाची आहे. मात्र मापात किंवा बांधण्यात चुकलं तर तीच वस्तू त्रास देते, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

पट्ट्याने सरकलेली गादी जागेवर बसत नाही, हे दुकानदाराने काहीही सांगितलं तरी पक्कं धरावं. सरकलेल्या गादीमुळे नसेवर आलेला दाह उतरून पायाची कळ बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत बरीच कमी होते, पट्टा लावला तरी आणि न लावला तरी. पट्टा पोटाला बाहेरून आधार देतो आणि कंबर झटक्यात वाकू-वळू देत नाही. खाली पडलेली वस्तू उचलायला गेलं की पाठीची पट्टी रुतते आणि आपोआप गुडघ्यात वाकलं जातं. सुरुवातीच्या दिवसांत हाच त्याचा मोठा उपयोग. कमरेचा आखडलेपणा आणि उभं राहून येणारा ठणका त्याने हलका होतो. नितंबातून पोटरीपर्यंत उतरणारी सायटिकाची कळ मात्र त्याने फारशी हटत नाही.

दुकानात ‘कमरेचा पट्टा’ एवढंच सांगितलं तर बाळंतिणीचा पोटपट्टाही हातात पडू शकतो. त्याच्या पाठीत मणक्याला आधार देणाऱ्या कडक पट्ट्या बहुधा नसतात. अरुंद सॅक्रो बेल्ट माकडहाडाच्या वरच्या सांध्यांसाठी असतो, आणि खांद्यावरून पट्टे येणारा टेलर ब्रेस पाठीच्या मणक्यांसाठी. गादीच्या दुखण्याला पाठीकडे वीतभर रुंद, कमरेच्या बाकाप्रमाणे वळवलेल्या पट्ट्यांचा ‘कंटूर्ड’ प्रकार घ्यावा. कापड जाळीदार हवं. जाड रबरी कापडाचा पट्टा ऊब देतो, पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत तासाभरात घाम साचून घामोळ्या उठतात. लोहचुंबक बसवलेल्या पट्ट्यांना जास्त पैसे मोजू नयेत. चुंबकाचा गादीवर काही परिणाम होत नाही.

पँटचा नंबर सांगून पट्टा घेऊ नका. काही कंपन्या बेंबीच्या रेषेवर माप घेतात, काही नितंबांवर. खोक्यावरचं चित्र बघून टेपने मोजा. माप दोन साइझच्या मध्ये आलं तर मोठा घ्यावा, कारण आवळायला बंद असतात. दुकानातच बांधून खुर्चीवर पाच मिनिटं बसा. खालची कड जांघेत रुतली किंवा वरची कड बरगडीला लागली, तर तो पट्टा घेऊ नका.

बांधण्याची खरी पद्धत आडवं होऊन. पलंगावर पट्टा पसरा, कुशीवरून वळून त्यावर उताणं व्हा, गुडघे दुमडा. मधली शिवण मणक्याच्या रेषेवर, उभ्या पट्ट्या तिच्या दोन्ही बाजूंना, आणि खालची कड माकडहाडाच्या जरा वर यायला हवी. श्वास सोडून पुढचं वेल्क्रो लावा, मग दोन्ही बंद एकदम, सारख्या जोराने ओढा. एक बंद जास्त ओढला की पट्टा फिरतो आणि पट्टी थेट मणक्यावर येते. पट्ट्याखाली सपाट हात जेमतेम सरकला पाहिजे. आत सुती बनियन हवा. साडी नेसणाऱ्यांनी परकराच्या नाडीची गाठ बाजूला घ्यावी, नाहीतर ती पट्ट्याखाली दिवसभर रुतते. जेवणानंतर बंद सैल करावेत.

दिवसभर बांधून ठेवण्याची चूक सर्रास होते, आणि ती महागात पडते. कंबर हळूहळू त्या आधाराची सवय लावून घेते आणि पट्ट्याशिवाय उभं राहायची भीती बसते. ओट्याशी उभं राहायचं असेल, एसटीचा किंवा खड्ड्यांतून रिक्षाचा प्रवास असेल, तेवढ्यापुरता एक-दोन तास लावावा. झोपताना काढावाच. कळ उतरू लागली की डॉक्टरांना विचारून रोजचे तास कमी करत जावेत. पट्टा लावून पाण्याचा हंडा उचलायचं धाडस करू नये. पट्ट्याने वजन हलकं होत नाही.

पट्टा काढलेल्या वेळात सपाट जमिनीवर दहा-दहा मिनिटं चाला. फिजिओथेरपिस्टने पालथं पडून कोपरांवर उठायचा व्यायाम दिला असेल, तर कळ कुठे सरकते याकडे लक्ष द्या. पोटरीतली कळ वर कमरेकडे आली तर व्यायाम मानवतोय; ती पावलाकडे उतरू लागली तर थांबा आणि त्यांना कळवा.

हर्निया, गर्भारपण, पोटाचं ताजं ऑपरेशन किंवा तीव्र आम्लपित्त असेल तर विचारल्याशिवाय पट्टा आवळू नये. लघवी अडकणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, दोन मांड्यांमधली बैठकीची जागा बधिर होणं, दोन्ही पायांतली शक्ती जाणं, यांपैकी काही दिसलं तर पट्ट्यात वेळ न घालवता त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा. चालताना पाऊल घासटायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

धुताना धातूच्या पट्ट्या खिशांतून काढा, कोणती कुठली ते आणि बाक कोणत्या दिशेला ते लिहून ठेवा. उलट्या घातल्या तर बाक उलटा होऊन टोकं पाठीत रुततात. वेल्क्रो बंद करून गार पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवा, सावलीत वाळवा. उन्हात इलॅस्टिक लवकर मरतं. वेल्क्रोत अडकलेले केस-धागे जुन्या टूथब्रशने काढले की ते पुन्हा धरतं. अगदीच गेलं तर शिंपी नवं लावून देतो. बंद पूर्ण ओढूनही पट्टा सैल राहू लागला, तर मात्र इलॅस्टिक गेलं, तो टाकून द्यावा.