एजीसी: स्लो, फास्ट की बंद?

संध्याकाळी चाळीस मीटरच्या बँडवर नेट, म्हणजे हॅम रेडिओवाल्यांची सामूहिक बैठक, चालू आहे. जवळच्या गावातलं स्टेशन सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवर एस-९ च्या वर ४० डेसिबलने आदळतंय आणि त्याच्यामागून बोलणारा दूरचा हॅम जेमतेम एस-३. एक एस-युनिट ६ डेसिबलचं धरलं, तर दोघांत ७६ डेसिबलचा फरक. एवढा फरक कानाला सोसत नाही, म्हणून एजीसी (ऑटोमॅटिक गेन कंट्रोल) रिसीव्हरचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती वाढवतो ते, आपोआप खाली-वर करते. गेन किती झटकन उतरतो हे बहुतेक रेडिओंवर आपल्या हातात नसतं. सिग्नल थांबल्यावर तो किती वेळात परत चढतो, हे असतं. स्लो, मीडियम आणि फास्ट ही त्या चढण्याच्याच वेळेची नावं. आयकॉमच्या आयसी-७३०० रेडिओमध्ये मुळात एसएसबीसाठी (बोलण्याचा मोड) ६, २ आणि ०.३ सेकंद असतात, सीडब्ल्यूसाठी (मोर्स) १.२, ०.५ आणि ०.१.

एसएसबी. दोघांच्याच निवांत गप्पा असतील तर स्लो बरा. शब्दांच्या फटीत खरखर वर येत नाही, तासभर ऐकलं तरी डोकं उठत नाही. नेटवर मात्र हाच स्लो नडतो: दणदणीत स्टेशनने माइक सोडला, की पुढचे काही सेकंद रिसीव्हर दबलेलाच राहतो आणि नेमका तेवढ्यात कमजोर स्टेशनचा कॉलसाइन निघून जातो. नेटला मीडियम लावा. फास्टवर बोलणाऱ्याने श्वास घेतला तरी खरखर उसळते.

फास्टची खरी गरज वळवाच्या दिवसांत. मे महिन्यात ढग जमले की ४० आणि ८० मीटरवर विजेचे कडाके सुरू होतात. स्लोवर प्रत्येक कडाका पुढची तीन-चार अक्षरं, कधी अख्खं वाक्य गिळतो. फास्टवर गेलेलं असतं ते फक्त कडाक्यापुरतं. सोबत आरएफ गेन (अँटेनाकडून आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) डावीकडे फिरवा. एस-मीटरचा काटा वर चढेल. नवख्यांना वाटतं सिग्नल वाढला, पण तो एजीसीचा नवा उंबरठा असतो. काटा ऐकायच्या स्टेशनच्या शिखराच्या किंचित खाली टेकवून थांबा. त्याहून हळू आवाजावर एजीसी हलणार नाही आणि मधली खरखर तिथेच दबलेली राहील.

सीडब्ल्यू. इथे गणित सरळ आहे. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक डिट (मोर्सचा ठिपका) ६० मिलिसेकंदांचा, अक्षरांमधली जागा १८० आणि शब्दांमधली ४२०. एजीसी ०.१ सेकंदावर असेल तर प्रत्येक अक्षरानंतर खरखर डोकावते, ०.५ वर शब्दांमध्येही शांतता टिकते. साध्या क्यूएसओला (दोघांच्या संभाषणाला) ०.५ पुरे. पाइलअपमध्ये, म्हणजे एकाच स्टेशनला अनेकजण एकदम हाक मारतात तेव्हा, मात्र एजीसी सगळ्यांना एकाच उंचीवर आणून ठेवते आणि कमी-जास्त जोरावरून स्टेशनं वेगळी काढायची कानाची सोयच जाते. तिथे बंद केलेली बरी.

बंद करण्याचा क्रम चुकवू नका. आधी आरएफ गेन पूर्ण खाली, मग एजीसी बंद, मग व्हॉल्यूम नेहमीपेक्षा थोडा वर, आणि शेवटी बँडची खरखर जेमतेम ऐकू येईपर्यंत आरएफ गेन हळूहळू वाढवा. यापुढे आवाज आरएफ गेननेच सांभाळायचा. हेडफोन कानावर असताना शेजारचं स्टेशन अचानक सुरू झालं तर कानठळ्या बसतात. म्हणून ऑडिओ आउटपुटला १० ओहम सिरीजमध्ये, त्यानंतर दोन १एन४१४८ डायोड उलटसुलट ग्राउंडला, आणि तिथून १०० ओहममधून हेडफोन. ०.६ व्होल्टच्या आसपास शिखरं कापली जातात. कापलेला आवाज कर्कश असतो, पण कान वाचतात.

एफटी८, म्हणजे संगणकावरून चालणारा डिजिटल मोड. इथे एजीसी बंद, किंवा आरएफ गेन इतका खाली की ती हलायलाच नको. गेन सारखाच कमी राहिला तर फारसं बिघडत नाही, कारण सिग्नल आणि खरखर दोन्ही एकत्र खाली येतात. बिघडतं ते १५ सेकंदांच्या पाळीच्या मध्येच गेन हलला की. एफटी८ च्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या प्रोग्रॅमच्या मीटरवर नुसत्या खरखरीला ३० डेसिबलच्या आसपास आकडा ठेवा.

घोटाळे कुठे होतात. ऐकायच्या स्टेशनचा आवाज अधूनमधून दबतो, पण दुसरं कोणी ऐकू येत नाही? जुन्या रेडिओत अरुंद ऑडिओ फिल्टर एजीसीच्या नंतर असतो. शेजारचा जोरदार सिग्नल तो तुमच्या कानाआड करतो, एजीसीच्या नाही. एजीसी स्लो-फास्ट करून हे सुटत नाही. फिल्टर आयएफमध्येच, म्हणजे एजीसीच्या आधीच्या टप्प्यात, अरुंद करावा लागतो. दुसरी चूक, एजीसी सगळ्या ओव्हरलोडपासून वाचवते असं समजणं. ७३०० मध्ये ती डीएसपीत (डिजिटल प्रक्रियेत), म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या एडीसीच्या नंतर आहे, त्यामुळे एडीसीला ती वाचवू शकत नाही. स्क्रीनवर ‘ओव्हीएफ’ (ओव्हरफ्लो) दिसलं तर प्रीअँप (सिग्नल आधीच वाढवणारा) बंद करा, आरएफ गेन उतरवा किंवा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावा.

हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स-४० सारख्या सेटमध्ये मुळात एजीसीच नाही, त्यामुळे हात व्हॉल्यूमवरच. सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे २० डेसिबलचा π (पाय) आकाराचा अटेन्युएटर: ६२ ओहमचे दोन रेझिस्टर ग्राउंडला, मध्ये २४० ओहमचा, आणि बायपासला स्विच. तो रिसीव्हच्याच वाटेत, टी/आर रिलेच्या (ऐकणं-बोलणं बदलणारा स्विच) रिसीव्हरकडच्या बाजूला बसवा. अँटेनाच्या सॉकेटला लावला, तर पहिल्यांदा पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबताच पाव वॅटचे रेझिस्टर काळे पडतील.