ओबेरॉन 2013 : आधी तीन बटणांचा माऊस शोधा

निकलाउस विर्थ म्हटलं की पास्कल ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि पास्कल म्हटलं की कॉलेजातलं जुनं क्रमिक पुस्तक. बहुतेकांची ओळख तिथेच थांबते. पण 1970 च्या पास्कलनंतर या स्विस प्राध्यापकाने मोड्युला-2 ही भाषा काढली, तिच्यासाठी लिलिथ नावाचा अख्खा संगणक बांधला. मग युर्ग गुटक्नेख्त यांच्या जोडीने ओबेरॉन ही भाषा आणि त्याच नावाची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. 2013 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी, ती पुन्हा नव्याने उभी केली, या खेपेला प्रोसेसरसकट. परीक्षण आहे ते या 2013 च्या आवृत्तीचं. फुकट मिळते, सगळा सोर्स खुला आहे. रोजच्या कामासाठी हिचा उपयोग शून्य. एक पूर्ण संगणक वरपासून खालपर्यंत वाचून समजून घ्यायचा असेल, तर मात्र हिच्या तोडीचं फार थोडं सापडेल.

ही 2013 ची सिस्टीम मुळात स्पार्टन-3 एफपीजीए (ज्यातलं सर्किट हवं तसं रचता येतं अशी चिप) असलेल्या बोर्डावर चालायची. हा बोर्ड निवडण्याचं कारण त्यावरची 1 एमबी स्टॅटिक रॅम. डायनॅमिक रॅमला सतत रिफ्रेश करणारा कंट्रोलर लागतो, स्टॅटिकला लागत नाही, म्हणजे वर्णन करायची भानगड तेवढी कमी. तो बोर्ड आता निघत नाही, तेव्हा सरळ त्याची नक्कल करणारा इम्युलेटर घ्या. एक प्रोग्राम आणि एक डिस्क इमेज (अख्खी डिस्क एका फाइलीत), बस्स. पडदा काळा-पांढरा, 1024 गुणिले 768. दर पिक्सेलला एक बिट धरलं तर पडद्यालाच 98,304 बाइट जातात, उरलेल्या मेमरीत कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रामचा मशीन कोड करणारा), एडिटर आणि तुमचे प्रोग्राम.

माऊस तीन बटणांचाच हवा. डावं बटण कॅरेट (टायपिंगची जागा दाखवणारी खूण) ठेवतं, मधलं कमांड चालवतं, उजवं मजकूर निवडतं. उजवं दाबून धरून डावं दाबलं की निवडलेला मजकूर पुसला जातो, मधलं दाबलं की त्याची नक्कल कॅरेटपाशी येते. लॅपटॉपच्या टचपॅडवर हे करणं म्हणजे बोटांचा छळ. इम्युलेटरमध्ये डावी आल्ट की मधल्या बटणाचं काम करते, पण ती तात्पुरती सोय समजा. चुकून पुसलं तर ‘एडिट.रिकॉल’ शेवटचा पुसलेला मजकूर परत आणतं. त्यापलीकडे अनडू नाही.

मेन्यू, आयकॉन असलं काही शोधू नका. पडद्यावर कुठेही ‘मॉड्यूल.कमांड’ असं लिहा आणि त्यावर मधलं बटण दाबा, की ते चालतं (मॉड्यूल म्हणजे प्रोग्रामचा स्वतंत्र तुकडा). म्हणजे कोणतीही साधी टेक्स्ट फाइल तुमचा टूलबार होऊ शकते. विर्थ दोनदा झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात राहून आले होते. 1976-77 च्या मुक्कामात आल्टो हा तिथला संगणक पाहिला आणि त्यातून लिलिथ आला, 1984-85 च्या मुक्कामानंतर ओबेरॉन. बिटमॅप पडदा आणि माऊस तिथून आले, पण पार्कच्या सिस्टीमचा पसारा मात्र त्यांनी तिथेच ठेवला.

कंपायलर चार मॉड्यूलांचा : ओआरएस शब्द तोडतो, ओआरपी व्याकरण तपासतो, ओआरबी नावांचा तक्ता सांभाळतो, ओआरजी मशीन कोड काढतो. सगळं एका फेरीत, प्रोग्रामची रचना मांडणारा मधला सिंटॅक्स ट्रीसुद्धा नाही. चूक सापडली की लॉगमध्ये ‘पॉस’, एक आकडा आणि दोन-तीन शब्दांचा संदेश येतो. तो आकडा ओळीचा नव्हे, फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अक्षराचा. मोजत बसू नका. सोर्सच्या खिडकीत तारा-खूण ठेवा (एफ1), आकडा उजव्या बटणाने निवडा आणि ‘एडिट.लोकेट’ चालवा. नेहमी पहिली चूक आधी दुरुस्त करा, खालच्या पुष्कळशा तिचीच पिल्लं असतात.

नवखे अडकतात ते पुढे. मॉड्यूलमधून बाहेर दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे ज्यांच्या नावापुढे ‘*’ आहे त्या, बदलल्या की कंपायलर ‘न्यू सिम्बॉल फाइल इनहिबिटेड’ म्हणून अडून बसतो (सिम्बॉल फाइल म्हणजे याच बाहेर दिसणाऱ्या गोष्टींची नोंद). कमांडला ‘/एस’ जोडलं की परवानगी मिळते. पण मग ते मॉड्यूल वापरणारी बाकीची सगळी पुन्हा कंपाइल करावी लागतात, नाहीतर लोड होताना ‘बॅड की’. ही कटकट वाटते, पण जुळत नसलेले भाग गुपचूप जोडले जाण्यापेक्षा हे बरं. तिसरा घोटाळा : कंपाइल झालं, तरी वागणूक जुनीच! कारण जुनं मॉड्यूल मेमरीत तसंच बसलेलं असतं. ‘सिस्टीम.फ्री’ने ते काढा. दुसरं कुणी त्याला धरून असेल तर आधी त्याला काढा.

चालताना बिनसलं तर ‘ट्रॅप’ आणि एक क्रमांक दिसतो. 1 म्हणजे अॅरेच्या मर्यादेबाहेर, 4 म्हणजे निल (कशाकडेच न दाखवणारा) पॉइंटर, 6 म्हणजे पूर्णांकाला शून्याने भागलं, 7 म्हणजे अॅसर्ट (प्रोग्राममध्ये लिहिलेली खातरजमेची अट) फसलं. एवढे चार लक्षात ठेवले तरी बहुतेक वेळा भागतं.

भाषा ओबेरॉन-07. तिच्यात काय घातलं यापेक्षा काय काढलं ते बघण्यासारखं आहे. गोटू नाही, लूप-एक्झिट नाही, रिटर्न फक्त फंक्शनच्या शेवटी. सी भाषेची सवय असलेल्यांचा हात पहिल्याच शोधाच्या लूपमध्ये अडखळतो, कारण मधूनच बाहेर पडायची सोय नाही. दोन्ही अटी व्हाइलमध्येच लिहायच्या : आधी निर्देशांक मर्यादेत आहे का, मग ‘&’ जोडून घटक हव्या असलेल्यापेक्षा वेगळा आहे का. डावी बाजू खोटी निघाली की उजवी तपासलीच जात नाही, म्हणून क्रम उलटा केला आणि घटक सापडला नाही की ट्रॅप 1 ठरलेला. भागाकारही तपासून घ्या : -7 ला 3 ने डिव्ह (भागाकार) केलं की -3 येतात आणि मॉड (बाकी) 2, सीसारखे -2 आणि -1 नव्हे.

खरी उणीव वेगळीच आहे. इथे प्रोसेस एकच. तुमची कमांड संपेपर्यंत माऊसही वाचला जात नाही, त्यामुळे न संपणारा लूप लिहिला की सगळं गोठतं आणि इम्युलेटरमध्ये एफ12 दाबून रीसेट करावं लागतं.  नको झालेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टरही दोन कमांडांच्या मधेच धावतो, तेव्हा एकाच लांबलचक कमांडमध्ये ढीगभर न्यू (नवी मेमरी मागणं) केलेत तर मेमरी तिथेच संपते. ही चूक नाही, निवड आहे. या निवडीमुळेच तर सगळा सोर्स एका माणसाच्या डोक्यात मावतो. पण वापरणाऱ्याने तिचा हिशेब आधीच धरायला हवा.

फाइलींचंही तसंच. ‘फाइल्स.न्यू’ने केलेली फाइल ‘फाइल्स.रजिस्टर’ म्हटल्याशिवाय डिरेक्टरीत येत नाही. नुसतं ‘क्लोज’ करून निश्चिंत झालेल्यांची फाइल पुढच्या वेळी गायब. फाइल पुसली तरी तिची जागा लगेच मोकळी होत नाही. सिस्टीम सुरू होताना डिरेक्टरी चाळून कोणते सेक्टर वापरात आहेत ते नव्याने ठरवलं जातं, तेव्हाच होते.

टेक्स्ट्स किंवा ओबेरॉन या मॉड्यूलांना हात घालण्यापूर्वी डिस्क इमेजची प्रत काढून ठेवा. त्यांचा बाह्य चेहरा बदलला आणि वरचं एखादं मॉड्यूल पुन्हा कंपाइल करायचं राहिलं, तर पुढच्या बूटला पडदा रिकामा. कर्नल, फाइलडिर, फाइल्स आणि मॉड्यूल्स या चौघांचं उलटं : ती बदलून कंपाइल केली तरी काहीच फरक दिसत नाही, कारण ती बूटच्या भागात आधीच लिंक करून ठेवलेली असतात. तो भाग वेगळा बांधून डिस्कवर लिहावा लागतो.